पुण्यातली मावशी

आमच्या जाम गावच्या चौकात पुण्याची ट्रॅव्हल्स सुटायला आली, तरी आई खिडकीखाली उभी राहून तेच सांगत होती, "कोणाले अरे-तुरे करू नको. लहान असो का मोठा, जी म्हणजो." हायवेवर आमचं किराण्याचं दुकान होतं. दारू पिऊन आलेल्या ड्रायव्हरलाही आई "बसा जी" म्हणायची.

पुण्याच्या ऑफिसात साहेबालाही नावानंच हाक मारायची असते. माझं 'जी' लवकरच सुटलं.

बाबा गेले, दुकान बंद पडलं, तेव्हा मी आईला माझ्या फ्लॅटवर आणलं. ती आधी भारी खूश होती. "किती चांगली माणसं हायेत वं! वॉचमनपासून सारे मले मावशी म्हणतेत. मायची बहीणच झाली नं मी सगळ्याइची!" पुण्याच्या सोसायट्यांत घरकामाच्या बाईला मावशी म्हणतात, हे तिला कोण सांगणार?

समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंनी तिला लिफ्टमध्ये विचारलं, "मावशी, आमची बाई सोडून गेलीये. उद्या सकाळी याल का?" शेजारीण अडचणीत आहे, एवढंच आईला कळलं. ती गेली. भांडी घासली, ओटा पुसला. मग बाईंनी चहा दिला. खिडकीत पालथा ठेवलेला, कान तुटलेला कप होता, त्यात. त्यांचे स्वतःचे कप आईनं नुकतेच घासून मांडले होते.

आई चहा प्यायली, कप धुऊन पुन्हा खिडकीत पालथा घातला आणि घरी आली. संध्याकाळी मला म्हणाली, "मावशी म्हणते, अन् कप येगळा देते. असं काऊन वं?"

मी तशीच उठले. तिनं हात धरला. "जाऊ नको. तोंडानं वाईट नाई बोलली ते."

त्यानंतर आई खाली उतरेनाशी झाली. कोणी मावशी म्हटलं की मान खाली घालायची. महिन्याभरात म्हणाली, "मले गावाले नेऊन दे." मी नेऊन सोडलं. बंद दुकानामागच्या खोलीत ती एकटी राहिली. एका हिवाळ्यात शेजारच्या शिंप्याचा फोन आला. मी पोचले तेव्हा लोक माझ्यासाठीच थांबले होते.

गाव सोडलेल्या आम्हा लोकांना वाटतं, घर आपली वाट बघत जागेवर असतं. भिंती असतात, तेवढं खरं.

तेरवीच्या दिवशी मंदा वाढत होती. शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो, एकमेकींच्या झिंज्या उपटायचो. ती माझ्याजवळ येऊन अदबीनं म्हणाली, "तुम्ही जेवल्या का?"

"मंदे, मी होय वं."

"हो, हो. तुम्ही बसून घ्या आता," ती म्हणाली आणि मला पाहुण्यांच्या पंगतीत बसवलं.