हिरव्या टाकीतलं मोरचूद

मालकांनी पहिला फटका मारला तो ठिबकच्या काळ्या पाइपनं. पाठीवर. दुसरा मी हातावर झेलला आणि कातडी फुटली. टाकीतलं पाणी बघून त्यांचं डोकं फिरलं होतं, आणि त्या टाकीची राखण माझ्याकडं होती.

ती टाकी म्हणजे आमच्या मळ्याचा जीव. तासगावच्या बाजूला चहूकडं द्राक्षबागा, मधे आमचा भाजीपाला. मालक फौजेतून रिटायर होऊन आलेले. फलटणकडच्या एका माणसाकडून त्यांनी बारीक शेवाळाचं बियाणं आणलं होतं, एका बाटलीत. ते उघड्या टाकीत, उन्हात वाढवायचं, खालून हवेचे बुडबुडे सोडायचे. पाणी दाट हिरवं झालं की फडक्यातून गाळून वांगी-टोमॅटोच्या मुळाशी घालायचं. शेडमध्ये पाइपांतून नुसत्या पाण्यावर पालक वाढायचा, त्याला ह्याच शेवाळाचा उकळून गाळलेला अर्क, तोही अगदी थोडा. त्या पाइपांत उजेड शिरू द्यायचा नाही. पाइपात जिवंत शेवाळ धरलं की मुळांचा श्वास कोंडतो. बाहेर ज्याला जपायचं, आत त्यालाच मारायचं, असं ते काम.

मी किनवटकडचा. शाळा सातवीतच सुटली. इतक्या लांब कुणी ओळखीचं नाही. मालकांनी पाण्याच्या मोटारीच्या खोलीत जागा दिली, हाताला धरून हे सगळं शिकवलं. त्यांच्या उपकाराखाली मी आजही आहे. पण भीती सोबतीला कायमची. यांनी घालवलं तर? सकाळी उठलो की आधी टाकीत बघायचो, मग तोंड धुवायचो.

त्या सकाळी टाकी मेलेली होती. पाणी पिवळं पडलेलं, तळाला चिखलासारखा गाळ, आणि मेलेलं जनावर कुजावं तसा वास.

"काय वतलंस ह्यात?"

"मालक, आईच्यान, मी काहीच नाही टाकलं."

"झूट बोलतो साला!" त्यांनी हवेच्या पंपाला लाथ घातली. पंप भिंतीवर आदळून फुटला. "बियाणं देणाऱ्यानं धंदा बंद केलाय. आता कुठनं आणू? तुझ्या बापाच्या घरनं? उचल कपडे. नीघ!"

मी हललो नाही. "मारा मालक, पण घालवू नका," एवढंच तोंडातून निघालं. त्यावर आणखी फटके बसले. मी डोकं दोन्ही हातांत धरून खाली बसलो.

तेवढ्यात बांधापलीकडून मालकांचे थोरले भाऊ धावत आले. त्यांची द्राक्षबाग आमच्या शेजारीच.

"आरं आरं, मारतोस काय त्याला? मोरचूद म्या टाकलंय."

मालकांचा हात वरच राहिला.

द्राक्षवाल्यांचं शेततळं हिरवं झालं की ठिबक तुंबतं. म्हणून ते मोरचूद, म्हणजे तांब्याचे निळे खडे, कापडात बांधतात आणि ती पुरचुंडी दोरीनं पाण्यातून ओढत फिरवतात. निळं पाणी सुटतं, शेवाळ मरतं. आदल्या दुपारी आम्ही सांगलीच्या बाजाराला गेलो होतो. थोरल्यांनी आपलं तळं ओढून घेतलं, पुरचुंडीत थोडं उरलं. परतताना आमची टाकी हिरवीगार दिसली.

"म्हटलं, भावाला सवड न्हाई, हेबी साफ करून टाकू. तुझं हिरवं पाणी खताची पुडी कालवून हुतंय असं वाटलं मला. शेवाळ कोण पाळतंय व्हय गड्या?"

मालकांनी पाइप टाकला आणि भावाचा गळा धरला. थोरल्यांनी थोबाडीत दिली. दोघं केळीच्या झाडासारखे आडवे झाले, टाकीशेजारच्या चिखलात लोळू लागले. एकमेकांच्या आईला शिव्या देत होते, आई तर एकच. मग मालकांच्या हाताला खोरं लागलं. त्यांनी ते उचललं तेव्हा डोळ्यांत काही ओळख नव्हती. मी खोऱ्याला मधेच झोंबलो. पातं तळहातातून गेलं. दुखलं ते नंतर. आधी नुसतं गरम वाटलं, आणि सगळं लाल.

"आता घाल," थोरले पडल्या जागेवरून धापा टाकत म्हणाले. "घाल की माज्या डोस्क्यात! ह्याच्यासाठी फौजेत गेलतास व्हय?"

मालकांनी खोरं टाकलं आणि मटकन खाली बसले. ओरडा ऐकून थोरल्या वैनी आल्या. नवऱ्याला सोडून आधी माझ्याकडं वळल्या, टॉवेल फाडून हात आवळला.

"आवं भावजी, येड लागलं का तुमाला? दुसऱ्याचं पोर हाय ते!" मग टाकीत वाकून बघितलं, नाकाला पदर लावला. "आनि एवढ्यासाठी? माझ्या मेथीला ह्यानं दिलेल्या हिरव्या पाण्यातलं उरलंय की थोडं. पत्र्यावर उन्हात पडलंय कॅन."

"हिरवं हाय?" मालकांनी विचारलं. आवाज एकदम बारीक झाला होता.

"पोपटागत."

कॅन थोरल्यांनीच आणून दिला, नाकातलं रक्त पुसत. मालकांनी तो उन्हाला धरला, हलवला, बराच वेळ बघत राहिले. मग माझ्या चांगल्या हातात दिला.

"त्या टाकीत वतू नको, तांबं मुरलंय तिथं. नवा ड्रम घे, बियाणं ह्यातनंच धरू. आनि कपडे राहू दे आत."

माफी त्यांनी मागितली नाही. मीही वाट बघितली नाही. दवाखान्यात टाके घालताना माझा दुसरा हात धरून बसले होते, ते मला पुरलं.

आजही निळी पुरचुंडी दिसली की हात आपोआप डोक्याकडं जातो. थोरले तळं ओढायच्या आधी बांधावर उभं राहून हाळी देतात, "ए किनवट! झाक रं तुजी जनावरं!" मी पळत जाऊन शेवाळाच्या ड्रमवर झाकण दाबतो. सगळी बोटं मिटत नाहीत, म्हणून कोपरानं दाबतो.