मास्तरांचा पी.पी. नंबर

मूल गावच्या बाजारात खुर्शीद मास्तरांसारखा सफारी दुसरा कोणी शिवत नाही, असं मास्तर स्वतः कधी म्हणायचे नाहीत. ते काम भैयाजी करायचे. भैयाजींचा एस.टी.डी. बूथ मास्तरांच्या दुकानाला लागूनच होता, आणि शहाण्णव साली त्या ओळीत फोन एवढा एकच. मास्तरांनी बिलबुकावर, पिशव्यांवर, धाकट्या बहिणीच्या लग्नपत्रिकेवरसुद्धा भैयाजींचा नंबर छापून घेतला आणि पुढे पी.पी. लिहिलं. म्हणजे फोन शेजाऱ्याचा, पण बोलावून देतील.

आधी भैयाजी हाक मारायचे. मास्तर मशीन थांबवून, गळ्यातल्या टेपसकट धावत जायचे. लग्नसराईत ते जमेना. "भैयाजी, तुम्हीच आयकून घ्या न," मास्तर म्हणाले, "मले घडीघडी उठा लागते."

भैयाजींना तेवढंच हवं होतं. माणूस मोठा लाघवी, पण दुसऱ्याच्या गोष्टीत नाक खुपसल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागायचं नाही. कपडे कधी मिळतील, घागऱ्याला कापड किती लागेल, सगळं तेच सांगू लागले. मास्तरांनाच द्या म्हणून गिऱ्हाईक हटून बसलं, तर सरळ आवाज जड करून म्हणायचे, "हां, मास्तरच बोलतो." पहिल्यांदा ते कानावर पडलं तेव्हा मास्तर इतके हसले की सुईत दोरा ओवता येईना. त्यांचा वेळ वाचत होता. तुम्ही-आम्ही तरी दुसरं काय केलं असतं?

मास्तरांची थोरली मुलगी नाजिया बारावी झाली आणि वडशाहून स्थळ आलं. बिलालभाई तांदळाचे व्यापारी, त्यांचा मुलगा आरिफ. नाजियानं त्याला मामेबहिणीच्या लग्नात पाहिलं होतं. त्याचं नाव निघालं की ती घासलेलीच भांडी पुन्हा घासायला बसायची. बिलालभाईंचे दोन-तीन फोन आले, ते सवयीप्रमाणे भैयाजींनी मास्तर म्हणूनच घेतले.

नाजियाला लहानपणी मिरगी यायची. गेल्या पाच वर्षांत एकदाही आली नव्हती. तरी लपवायचं नाही, असं मास्तर आणि त्यांची बायको नजमा यांनी ठरवलं होतं. पाहुण्यांनी आधी पोरगी पाहावी, चहापाणी व्हावं, मग मास्तरांनी डॉक्टरचे कागद पुढ्यात ठेवून नीट सांगावं. नागपूरच्या त्या डॉक्टरशी मास्तर बूथवरूनच बोलायचे, त्यामुळे भैयाजींना सगळं ठाऊक होतं.

एका दुपारी भैयाजी खुशीत दुकानात आले. "मास्तर, बिलालभाईचा फोन होता. म्या लय तारीफ केली पोरीची. म्हनलं, पोरगी सोन्यासारखी हाये, सैपाकात हुशार, आन आता तं मिरगीबी येत नाई."

मास्तरांना हातातलं कापड दिसेना. "काऊन सांगतलं भैयाजी? ते मले सांगाचं होतं."

"मंग तुमच्याच नावानं तं सांगतलं."

खोटं काहीच नव्हतं, म्हणून भांडताही येईना. रविवारी यायचे पाहुणे आले नाहीत. नाजिया घरात कुणाशी बोलेनाशी झाली. मास्तरांना भैयाजींचा राग आला आणि त्याहून जास्त स्वतःचा. आता मला विचारल्याशिवाय कुणाशी बोलू नका, असं सांगायला ते दोनदा बूथपर्यंत गेले आणि हवापाण्याच्या गप्पा मारून परतले. फोन भैयाजींचा. घरच्या फोनसाठी केलेल्या अर्जाला तीन वर्षं झाली होती.

भैयाजींच्याही मनाला ते लागलंच होतं. तीन आठवड्यांनी ते पुन्हा आले. "आज तुमची इज्जत राखली मास्तर. बिलालभाईचा फोन होता. म्हने, पोराचं मन हाये, येऊन जातो. असा झापला त्यायले तुमच्या आवाजात. म्हनलं, आमची पोरगी काई रस्त्यावर नाई पडली, आता नाई द्याची."

मास्तर अनवाणीच बूथमध्ये शिरले आणि त्यांनी स्वतः नंबर फिरवला.

"सलाम, बिलालभाई. मी खुर्शीद मास्तर बोलून राह्यलो, मूलवरून."

"कोन?"

"खुर्शीद. नाजियाचा बाप. मंगाशी जे बोलनं झालं, ते मी नाई बोललो."

मग बिलालभाई म्हणाले, "मास्तरचा आवाज मी वळखतो. चार-पाचदा बोललो त्यायच्यासंग. तुम्ही कोन आहा?"

मास्तरांनी अल्लाची शपथ घेतली. स्थळ कुणी आणलं त्याचं नाव सांगितलं, नजमाच्या माहेरचं गाव सांगितलं. बोलता बोलता त्यांचा आवाज कापू लागला आणि बिलालभाईंचा संशय वाढतच गेला.

"पोरीबाळीचा मामला हाये, मस्करी नका करू. मास्तरले द्या."

भैयाजी काउंटरपाशी खाली मान घालून उभे होते. मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांना रडू येत होतं आणि दुसरा काही इलाज सुचत नव्हता. त्यांनी रिसीव्हर भैयाजींच्या हातात दिला.

भैयाजींनी घसा खाकरला. "हां, मास्तर बोलतो," ते म्हणाले. आणि आपण आता काय बोलणार आहोत, ते ऐकत खुर्शीद मास्तर बाजूला उभे राहिले.