मोहाखालचा पाला

आक्काच्या कनवटीला आगपेटी असायची. कचरा दिसला की म्हणायची, "लावते काडी, लगेच इझवते." आणि विझवायची खरंच. तुमच्याही शेजारी असेल अशी एखादी. तिच्या अंगणात पडायला पानसुद्धा भ्यायचं.

आमचं गाव माहूरच्या डोंगराला लागून, वर अभयारण्य. मोह गळायला लागला की आम्ही सगळ्याच बाया झाडाखालचा पाला जाळायचो. जमीन काळी झाली की फूल ठळक दिसतं, वेचायला सोपं जातं. वणव्यावर नजर ठेवायला वनखात्याने गावातलाच एक लेकुरवाळा गडी रोजंदारीवर ठेवला होता. तो ओरडायचा, "मावशी, यंदा लई वाळलंय, जाळू नका."

आक्का म्हणायची, "तुझ्या जन्माआधीपासून जाळून राहिले मी. तू शिकवतो व्हय रे मला?"

आम्ही हसायचो. तोही हसायचा.

त्या साली सगळीकडेच वणवे पेटत होते. आक्काने मोहाखाली काडी लावली आणि वारा फिरला. ती पळसाच्या फांदीने बडवत राहिली, मीही बडवलं. आग गवतात शिरली आणि चढाला लागली. चढावरच्या आगीमागे माणसाला पळता येत नाही.

डोंगर कितीतरी दिवस जळत होता. वाळत घातलेल्या कुरडयांवर राख पडायची. वानरं गावात उतरली. एका वानरीच्या तळहाताची कातडी सोलून निघाली होती. ती नेमकी आक्काच्या कौलांवर येऊन बसली. आक्काने तिला हाकललं नाही. घरात जाऊन दार लावून घेतलं.

आग त्या गड्याच्या हद्दीतली, म्हणून त्याला कामावरून काढलं. गाव गप्प बसलं. पाला सगळ्यांनीच जाळलेला, एकीचं नाव निघालं की बाकीच्यांचंही निघणार. मीही आक्काला म्हणाले, "गप ऱ्हा. झालं ते झालं."

"त्याची लेकरं हायेत," ती म्हणाली.

ती वनखात्याच्या कचेरीत गेली. मी सोबत गेले.

"साहेब, काडी मी लावली."

साहेबाने मला विचारलं, हिचं डोकं ठिकाणावर आहे का. मी हो म्हणाले. मग तो तिला म्हणाला, "आजी, चौकशी संपली. या वयात तुम्हाला धरून मी काय करू?"

"मला नका धरू. त्याला कामावर घ्या."

"ती जागा भरली."

त्याने चहा मागवला. आक्काने कपाला हात लावला नाही. दोन्ही कप मीच प्यायले.

तो गडी बायकालेकरं घेऊन लातूरला गेला, डाळमिलीत पोती उचलायला.

आक्का आता नाही. मला आठवते ती दिवाळीतली. तो गडी गावी आला होता. आम्ही दोघी ओट्यावर बसलेलो. तो पाया पडायला वाकला, पण सावकाश. पोत्यांनी कंबर धरली होती. "मावशी, बरी हायेस ना?" काडी कुणाची ते त्याला कुणी सांगितलं होतं की नाही, मला ठाऊक नाही.

आक्काने पाय मागे ओढून लुगड्याखाली घेतले. तो तसाच वाकून थांबला. शेवटी मीच म्हणाले, "सुखी ऱ्हा, बाबा." तो उठून गेला.

दिवे लागले तरी ती पाय दडवून बसलेली. मी म्हणाले, "ऊठ, घरात चल."

"तो वळणापल्याड गेला का," ती म्हणाली, "बघ आधी."