माझ्या वाफ्यातला दादाचा हात

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी वडप्याच्या गोदामात एका ट्रकचं सील तपासत होतो. वहिनी रडत होती, शब्द नीट कळत नव्हते, आणि खरं सांगतो, माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते दुःख नव्हतं. मला वाटलं, हा दादाचाच डाव. तीन रविवार मी अंजूरला त्याच्या घरी फिरकलो नव्हतो, म्हणून मला बोलावून घ्यायला त्याने वहिनीला हाताशी धरलंय. "फोन त्याच्याकडे दे," असंसुद्धा मी म्हणालो. तेव्हा शेजारच्याने फोन घेतला आणि सांगितलं की दादा सकाळी अंघोळीला जाताना कोसळला, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. याला आता दीड महिना झाला. माझं ते वाक्य वहिनी विसरली नसणार.

संशय घेण्याचाच मला पगार मिळतो. दादाचा स्वभाव अगदी उलटा. आमच्या शेतावर गोदामं उभी राहिली तेव्हाही तो कोणाला काही बोलला नाही, फक्त संध्याकाळी कुठे जावं हे त्याला कळेनासं झालं. लग्न होऊन सासरी जाताना पूर्वा, त्याची मुलगी, आपला जुना कॉम्प्युटर आणि त्यातला एक गेम त्याला ठेवून गेली. त्या गेममध्ये माणसं घर बांधतात, जेवतात, झोपतात, बाग लावतात. दादाला बाकी कशात रस नव्हता. त्याने आम्हा दोघांची दोन माणसं बनवली आणि अंगणात दोन वाफे आखले, एक त्याचा, एक माझा. मी भिवंडीहून दर रविवारी रिक्षाने जायचो आणि पन्नाशी उलटलेले आम्ही दोघे भाऊ कॉम्प्युटरपुढच्या एका खुर्चीवरून भांडायचो.

त्या बागेत प्रत्येक रोपाला दर्जा असतो. दुकानातलं बी लावलं की रोप साधं येतं. वेळेवर पाणी घाला, तण उपटा, कीड मारा, खत द्या, की ते हळूहळू बरं होतं, चांगलं होतं, उत्तम होतं. रोपाचा दर्जा फळात उतरतो, आणि तेच फळ पुन्हा लावलं तर नवं रोप जन्मतःच त्या पायरीवर असतं. असं करत करत एक दिवस सगळ्यात वरची पायरी येते, निर्दोष रोपाची. दादाला हे इंग्रजी न वाचताच कळलं. आमचे बाबा सगळ्यात देखण्या वांग्याला चिंधी बांधायचे, म्हणजे ते बियाण्याचं, त्याला कोणी हात लावायचा नाही. दादा तेच करत होता.

मी मात्र आमच्या घरची दुसरी रीत धरून बसलो. पहिलं फळ वज्रेश्वरी देवीला. म्हणून गेममधल्या अंगणात एक दगडी पुतळा ठेवला आणि जे टोमॅटो आधी पिकतील, म्हणजे नेमके चांगले, ते सगळे त्याच्यापुढे. तिथे ते कुजायचे आणि मी पुन्हा दुकानातलं बी आणायचो. दादा हसायचा. "अरे, देवीला पयला दे, पन बियाला तरी ठेव." मी म्हणायचो, मला शिकवू नको.

मग एका रविवारी माझ्या वाफ्यातली दोन मोठी रोपं गायब होती. तिथे वीतभर रोपटी. पुढच्या रविवारी आणखी दोन. आठवडाभर कॉम्प्युटर कोणाच्या ताब्यात असतो, हे काय मला कळत नव्हतं? मी हातातला चहा तसाच ठेवला.

"माझ्या वाफ्यात हात घालतोस तू."

"घालतो," दादा म्हणाला.

"चोरलीस माझी रोपं."

"मी काय न्हाय चोरलं. जरा जवल जाऊन बघ ना."

मी बघितलं नाही. एक क्लिक करायचा होता... पण चोराच्या सांगण्यावरून काय बघायचं, अशा ताठ्यात मी चपला घातल्या. तो दारापर्यंत आला. तीच शेवटची भेट.

तेराव्यानंतर वहिनी म्हणाली, "भावजी, तेवढा त्यांचा गेम बघून घ्या. मला लावता न्हाय येत." मी एकटाच आत बसलो. माझ्या वाफ्यात आता सात रोपं होती, फळांनी वाकलेली. त्या दिवशी वीतभर असलेल्या एका रोपावर क्लिक केलं. निर्दोष. दुसऱ्यावर केलं, तेही निर्दोष. सातही. दादाच्या वाफ्यात तीन रोपं उत्तमवर अडकलेली आणि बाकी उघडी माती. फळांची पेटी रिकामी. त्याने माझी साधी रोपं उपटून स्वतःची बियाण्याची फळं माझ्या वाफ्यात लावली होती. मी नुसती उंची बघितली आणि सख्ख्या भावाला चोर म्हणालो. मला तिथे बसून रडू आलं, वहिनीला ऐकू जाईल इतकं.

गेम बंद असला की तिथला काळही थांबलेला असतो, त्यामुळे एकही पान सुकलं नव्हतं. मी माझ्या वाफ्यातले पिकलेले टोमॅटो तोडले आणि दादाच्या उघड्या मातीत एकेक लावले. माझ्या माणसाला झारी आणायला पाठवलं. तो पोचायच्या आत दादाचा माणूस आपणहून तिथे गेला आणि पाणी घालायला लागला. ही माणसं कोणी न सांगताही बागेत कामं करतात, गेममध्ये तशी सोय असते, असं पूर्वा म्हणाली होती. तसंच असेल. खात्री करायला मी तिला फोन केला नाही.