रमोनाचं नाव कोणी ठेवलं

रमोना एन्कार्नासिओन स्वस्थ बसलेली आमच्या आळीत कोणी पाहिलेली नाही. आमच्या आसुआ गावच्या भाजून काढणाऱ्या दुपारीही तिच्या कढईत कच्च्या केळ्याचे काप तळत असतात, आणि तिचा एक पाय तळणाच्या गाडीपाशी तर एक रस्त्यात. मी तिची शेजारीण, कपडे शिवते. तिच्या येरझारा बघून माझेच पाय दुखतात.

याचं मूळ तिच्या नावातच आहे, असं मला वाटतं. आमचे पाद्री सांगतात, हे नाव मुळात जर्मन टोळ्यांचं, रायमुंडो. अर्थ, सल्ला आणि संरक्षण. स्पेनमधल्या कातालोनियात झिजून त्याचं रमोन झालं. तिथल्या एका रमोनला मेलेल्या आईच्या पोटातून काढलं म्हणे. तो पुढे संत झाला आणि अडलेल्या बाळंतिणी त्याचा धावा करू लागल्या. जहाजातून आमच्या डोमिनिकन किनाऱ्याला लागेपर्यंत सल्लाबिल्ला वाहून गेला. आमच्या आळीत पोट चिरून पोर काढलं किंवा आई दगावली, की पोर रमोन नाहीतर रमोना. मग लाडाने मोन, मोन्चो, मोना. लाड कसले डोंबलाचे! हिच्या तर जन्माच्या वेळीच आई गेली, आणि नाव घेतलं की ते सगळ्यांना आठवतं.

वर आणखी, कोणी बाळंतपणात अडली की त्या संत रमोनपुढे मेणबत्ती लावायला हिलाच बोलवायचं. रमोना मेणबत्ती लावून बाहेर पळायची आणि पोराचं रडणं ऐकू येईपर्यंत रस्त्यावर फेऱ्या घालायची.

परवा तिची लेक योकास्ताच अडली. तिला दवाखान्यात आत नेलं, आम्ही आवारात थांबलो. तेवढ्यात आळीतली फेफा मावशी मेणबत्ती घेऊन हजर.

"घे मोना, लाव. तुझ्या हाताला गुण आहे."

"नाही लावणार."

"अगं, स्वतःच्या लेकीच्या वेळी हट्ट करतेस?"

"माझ्या आईसाठीही लावली होती, मावशी."

मावशीने मेणबत्ती पिशवीत टाकली. रमोना फाटकापासून दारापर्यंत, दारापासून फाटकापर्यंत. मध्येच येऊन तिने माझा दंड घट्ट धरला.

"तिला काही झालं तर पोराला रमोन म्हणाल तुम्ही. म्हणाल ना?"

मला खोटं बोलवेना.

अखेर नर्स बाळ घेऊन आली. पोट चिरावं लागलं होतं. मुलगा धडधाकट होता, आई अजून शुद्धीवर आली नव्हती.

"मग हा मोन्चोच की!" मावशी लगेच वाकली. "ये रे माझ्या मोन्चो."

"गप्प बसा!" रमोना अशी ओरडली की नर्स दचकली. "त्याची आई जिवंत आहे. ती डोळे उघडेपर्यंत ह्याला कोणी कुठल्याही नावाने हाक मारायची नाही."

संध्याकाळी आम्हाला आत सोडलं. योकास्ता पांढरीफटक पडली होती, पण आईला बघून हसली.

"आई, नाव तूच ठेव ना."

"मी? मुळीच नाही. माझं नाव दारात जमलेल्या बायकांनी ठेवलं. विचारायला माझी आई होती कुठे?" तिने बाळाकडे बोट केलं. "ह्याची आहे. तिनेच ठेवायचं."

योकास्ता बाळाकडे बघत राहिली. "मला काहीच सुचत नाहीये गं. वेळ लागेल."

"लागू दे," रमोना म्हणाली आणि हमसून हमसून रडायला लागली. "हवा तेवढा लागू दे, पोरी."