लॉकअपमधला घरचा डबा

मी गजांखालून ताट आत सरकवलं. त्याने ते पायाने परत बाहेर ढकललं.

"आमच्या गड्यांना बी असली पानचट आमटी वाढत न्हाईत," तो म्हणाला.

मी वाकून ताट उचललं. तालुक्याच्या पोलीस ठाण्यात लॉकअपचं जेवण पुरवायचं काम मी अकरा वर्षं केलं, ते मान खाली घालूनच. मान खाली असली की खालचं नीट दिसतं. हा खुटबावकडच्या मोठ्या बागायतदाराचा मुलगा एका हाताने पायजमा धरून उभा होता. बायकोला मारतो म्हणून मेव्हण्याने तक्रार दिली होती. सकाळी त्याला उचलून आणलं होतं.

अटक झाली की पहिल्यांदा जातो तो नाडा. आत कोणी गळफास घेऊ नये म्हणून पट्टा, नाडा, करदोडा सगळं काढून घेतात. मग डॉक्टरकडे नेऊन अंगावरच्या जुन्या जखमा लिहून घेतात, म्हणजे पोलिसांनी मारलं असं नंतर म्हणता येत नाही. चोवीस तासांच्या आत कोर्टापुढे उभं करतात. बायकोच्या छळाचं कलम, चारशे अठ्ठ्याण्णव अ, लागलं असेल तर ठाण्यातून जामीन नाही, तो कोर्टानेच द्यायचा. तोवर माझी आमटी. बायकोवर हात उचलणारे पहिल्या जेवणाला गुरगुरतात आणि दुसऱ्याला कांदा मागतात.

दुपारी त्याची आई चार कप्प्यांचा डबा घेऊन आली. बरोबर सून, पदर नाकापर्यंत ओढलेला. आदल्या दिवशी, नवऱ्याने किती मारलं, असं साहेबांनी, म्हणजे फौजदारांनी, तिला विचारलं होतं. "एकच चापट हो," असं सासूने सांगितलं आणि सुनेने मान हलवली. दवाखान्यालाही ती मानेनेच नको म्हणाली होती.

"साहेब, नवराबायकोचं भांडान हाय. तिचा भाऊच तापट," सासू म्हणाली. "पोरगी तक्रार मिटवायला आलीया. नवऱ्यासाठी पहाटं उठून समदं हिनंच रांधलंय. इचारा."

सुनेने मान हलवली. हवालदारमामा कोरा कागद शोधायला लागले. त्या कागदावर तिचा अंगठा उमटला असता, तर उद्या तो कोर्टातून हसत सुटला असता आणि तिला पुन्हा त्याच घरात नेलं असतं.

आमच्या ठाण्यात एक रीत होती. कुणीतरी वरणात झोपेच्या गोळ्या घालून दिल्या, तेव्हापासूनची. ज्याने रांधलं त्याने दोन घास पहारेकऱ्यासमोर खायचे. मी रोज खात होते.

सासूने भाकरी मोडली. "आना, म्या खाते."

"ज्यानं रांधलं त्यानं खायचं असतं," माझ्या तोंडून निघून गेलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला भुईत जावंसं वाटलं.

"बराबर हाय," हवालदारमामा म्हणाले. "खाऊ द्या सूनबाईला."

"तिला उपास हाय."

"कसला?"

"सोमवारचा."

"आज बुधवार हाय, आक्का."

सुनेने तुकडा घेऊन पदराआड नेला. तोंड उघडेना. तिने तो आमटीत बुडवला, पुन्हा नेला. डोळ्यांतून पाणी आलं, पण घास काही आत गेला नाही.

साहेब उठले. "पदर सार, बाई."

एका बाजूचा जबडा वांग्यासारखा जांभळा झाला होता.

"कधीपासून जेवली नाहीस?"

"परवापासनं." शब्द दातांच्या फटीतून आला.

तेवढ्यात लॉकअपमधून हाक आली, "आई, डबा आला न्हवं?"

साहेबांनी तिला लेडीज कॉन्स्टेबलबरोबर दवाखान्यात पाठवलं. एक्सरेत जबडा दोन ठिकाणी मोडलेला निघाला. हवालदारमामांनी कागद ड्रॉवरमध्ये सारला. तिचा जबाब घ्यायला दोन तास लागले, कारण प्रत्येक शब्द तिला दोनदा सांगावा लागत होता. पण तिने सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी कोर्टाने जामीन दिला नाही. तो पुण्याच्या जेलला गेला, ती भावाकडे न्हावऱ्याला.

त्यानंतर साहेब ठाण्यात होते तोवर "एकच चापट" म्हणून कोणी बाई आली, की ते आधी तिच्यापुढे मूठभर फुटाणे ठेवायचे. जबाब मागाहून घ्यायचे.