झल्लाकची वाळू, गुलमर्गचा बर्फ

अक्षर वाकडंतिकडं आहे, शुद्धलेखन तर जागोजागी चुकलं असेल. चौथीनंतर पेन धरलं ते सहीपुरतंच. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं.

बहरीनहून निघण्याआधीच्या शुक्रवारी माझी मुलगी प्रज्ञा मला झल्लाकच्या किनाऱ्यावर घेऊन गेली. गुलमर्गला, जिथे लिफ्ट जात नाही अशा डोंगरावर तिला स्की शिकायचं होतं. "एकटी जायचं नाही," हे म्हणाले, म्हणून सोबत मी. तिथला नियम असा की, घसरलेल्या बर्फाखाली जोडीदार गाडला गेला तर त्याला शोधता आलं पाहिजे. येत नसेल तर जोडी वर न्यायची नाही.

तिने एक बीकन (अंगावर बांधायचं शोधयंत्र) पिशवीत घालून वाळूत पुरलं. दुसरं माझ्या हातात दिलं.

"आई, नंबर कमी होतील तिकडे जा. यल्ला, चल!"

"आणि खाली तूच असलीस तर?"

"देन बी फास्ट."

पिशवी सापडली, पण त्या रात्री मला झोप आली नाही.

गुलमर्गला सगळं इतकं पांढरं की डोळे दुखले. नून चाय (मिठाचा गुलाबी चहा) घशाखाली उतरेना. शिकवणारे गुलामभाई थोराड, मृदू बोलणारे. प्रज्ञा स्कीवर, मी रुंद जाळीच्या बुटांवर. बाकी पुण्याचे दोन मुलगे.

परीक्षेसाठी गुलामभाईंनी बीकनची पिशवी बर्फात पुरली आणि विचारलं, "मोबाइल सब दूर रख दिए? पास हो तो मशीन गड़बड़ाती है."

माझा ब्लाउजमध्ये होता. ह्यांचा फोन येईल म्हणून उबेला ठेवलेला. परक्या पुरुषांसमोर हात कसा घालू? मी मान खाली घातली.

यंत्रावरचे आकडे वेड्यासारखे नाचू लागले. आठ, तीस, बारा, चाळीस. मी इकडे पळाले, तिकडे पळाले, दोनदा पडले.

"दीदी, ऐसे तो बेटी कल ऊपर नहीं जाएगी."

प्रज्ञा बुटाचा पट्टा उगाच सोडत-बांधत राहिली. मला वाटलं, बर्फाखाली ही असती तर मी लाजत बसले असते का?

पाठ फिरवली, जॅकेटची चेन ओढली आणि मोबाइल काढून गुलामभाईंच्या हातात दिला.

"मावशी, लॉकर भारी आहे!" पुण्याचा एक मुलगा म्हणाला.

गुलामभाई हसले नाहीत. मोबाइल घेऊन ते लांब जाऊन उभे राहिले. झल्लाकला मोबाइल गाडीत राहिला होता, ते आत्ता आठवलं. आकडे उतरत गेले. लांब सळई खुपसली, मऊ लागलं. शिकवल्याप्रमाणे उताराच्या बाजूने खणलं. पिशवी वर आली तेव्हा मी रडत होते.

दुसऱ्या दिवशी वर गेलो. धोक्याचा उतार एकेकाने ओलांडायचा, बाकीच्यांनी त्याच्यावरून नजर काढायची नाही. प्रज्ञा निघाली. ती पलीकडे पोचेपर्यंत मी श्वास घेतला की नाही, आठवत नाही. बर्फ हलला नाही.

बहरीनला विमानतळाबाहेर हे रस्त्यापलीकडे गाडीपाशी उभे होते. प्रज्ञा बॅग ओढत पुढे गेली.

"आई, कम ना!"

मी थांबले. ती पलीकडे पोचली, ह्यांनी तिच्या हातातली बॅग घेतली, मग मी पाऊल टाकलं.

"दमलीस का गं?" ह्यांनी विचारलं.

"नाही," म्हटलं. आता मुलीला पुढे जाऊ द्यायचं कसं, ते मला कळलं आहे.